मुंबईत दोन दिवस (रविवार-सोमवार): जुनी घरं, जुन्या इमारती आणि सोबत आजी-आजोबा

वऱ्हाडी_ठेचा
नमस्कार मंडळी.
जानेवारीत आम्ही सहा जण अकोल्याहून मुंबईला येतोय. आम्ही दोघं, आई-बाबा (दोघंही सत्तरीपुढचे, आईचे गुडघे दुखरे), मुलगी १२ वर्षांची, मुलगा ७. रविवारी पहाटे सीएसएमटीला उतरणार, सोमवारी रात्री परतीची गाडी.
मॉल, स्टुडिओ, नटांचे बंगले यातलं काही नको. बाबांना मणिभवन, राजगृह आणि टिळक शेवटी जिथे राहिले ती जागा बघायची आहे. मुलांना बोटीत बसायचंय. माझ्या मनात एलिफंटा आहे. हे सगळं दोन दिवसांत बसेल का? क्रम कसा लावावा? आईला जिने किती चढावे लागतील, तेही सांगा.

तिसरा_डबा
सगळ्यात आधी: एलिफंटा सोमवारी बंद. म्हणजे जायचं तर रविवारीच, आणि रविवारी निम्मी मुंबई तिथेच असते. हे आधी ठरवा, बाकी त्याभोवती बसवू.

भरतीओहोटी
तिसऱ्या डब्याशी सहमत. जाणारच असाल तर असं करा.
गेटवेजवळच्या खिडकीवर जाऊन-येऊन तिकीट एकत्रच मिळतं. पहिल्या बोटी नवाच्या सुमारास सुटतात, त्यातली एक पकडा. अकराच्या बोटीने गेलात तर वर पोचेपर्यंत ऊन आणि गर्दी दोन्ही डोक्यावर. एका बाजूचा प्रवास साधारण तासाभराचा. वरच्या डेकवर बसायचे बोटीवाले वेगळे पैसे मागतात. मुलांसाठी द्या, आजींना खालीच बसवा. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, मुलाच्या मापाचं चढायच्या आधीच मागून घ्या.
खरी अडचण चढण्या-उतरण्याची. ओहोटी असेल तर धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर शेवाळ असतं. शिवाय बोटी एकमेकींना लागून बांधतात, त्यामुळे एका बोटीतून दुसरीत पाय टाकावा लागतो, तेही दोन्ही हलत असताना. खलाशी हात देतात, पण दुखऱ्या गुडघ्याला ते पाऊल मोठं पडतं. आदल्या दिवशी भरतीच्या वेळा बघून ठेवा.
बेटावर उतरल्यावर लांबलचक धक्का, त्यावर छोटी रेल्वे आहे. मग साधारण १२० पायऱ्या, दोन्हीकडे दुकानं. लेण्याचं तिकीट वेगळं: भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. हातात बिस्किटाचा पुडा किंवा रंगीत बाटली दिसली की माकडं घेऊन जातात, सगळं पिशवीत ठेवा.

खडूस_काकू
डोली मिळते की. खुर्चीला दोन बांबू, चार माणसं. भाव चढायच्या आधी ठरवायचा, "जाऊन-येऊन, सगळे मिळून" हे शब्द स्पष्ट बोलून. नाहीतर वर गेल्यावर तो भाव फक्त चढायचा निघतो.

अर्धा_कप
आणि उतरताना सासूबाईंना सोडवून आणायचे वेगळे ;) हलके घ्या.

खडूस_काकू
@अर्धा_कप, सासूबाई असं कुठे म्हटलंय त्यांनी? आई म्हटलंय. धागा वाचत जा.

जुना_जकातनाका
माझं मत उलट आहे. या प्रवासातून एलिफंटा काढा.
रात्रभर गाडीत अर्धवट झोप, पहाटे उतरायचं, सामान टाकायचं आणि नवाच्या बोटीत बसायचं. परत गेटवेला यायला दोन-अडीच वाजणार, जेवण तीनला. त्यानंतर आजी-आजोबा काहीही बघायच्या परिस्थितीत नसतात. रविवार तिथेच संपला आणि बाबांची घरं सगळी सोमवारवर पडली.
मुलांना फक्त बोट हवी आहे ना? गेटवेवरूनच बंदरातली अर्ध्या-पाऊण तासाची फेरी मिळते. नौदलाच्या गोदीकडची जहाजं आणि नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजं दिसतात, पाण्यातून ताज आणि गेटवे दिसतात. (नौदलाकडे कॅमेरा रोखू नका, खलाशीही तेच सांगतात.) आई काठावर बाकावर बसतील, बाकीचे फिरून येतील.

भरतीओहोटी
फेरीचा मुद्दा मान्य. पण सदाशिवाच्या मूर्तीसमोर उभं राहणं आणि बंदरात चक्कर मारणं यांची बरोबरी नको. साडेपाच मीटरची मूर्ती, डोंगर आतून कोरून काढलेली, डाव्या हाताला अर्धनारीश्वर, उजव्या हाताला गंगाधर. १२ वर्षांच्या मुलीला ते कळतं.

जुना_जकातनाका
कळतं, म्हणूनच ते निवांत बघायला वेगळा मंगळवार ठेवा. कोंबून नको.

दगडफूल
दोघांच्या मधला मार्ग. एलिफंटा ज्या हत्तीवरून ओळखलं जातं तो दगडी हत्ती आता बेटावर नाहीच. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला म्हणून उचलत होते, तेव्हा क्रेनची साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. ते भायखळ्याला राणीच्या बागेत आणले आणि पुढे जोडून उभे केले. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेरच आहे. हे संग्रहालय १८७२ मध्ये लोकांना खुलं झालं. आकाराने लहान, त्यामुळे मुलं कंटाळायच्या आत बघून होतं. मुंबईतल्या जुन्या धंद्यांच्या आणि माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती तिथे आहेत, त्यांच्यासमोरून मुलं हलत नाहीत. संग्रहालय आणि बाग दोन्ही बुधवारी बंद, म्हणजे तुमच्या दोन्ही दिवशी चालेल. जायच्या आधी उघडं आहे ना ते एकदा बघा, दुरुस्तीची कामं निघतात.

अर्धा_कप
बागेत पेंग्विनही आहेत. एकदा ते दिसले की हत्ती, भाऊ, दाजी आणि लाड सगळे रद्द.

वऱ्हाडी_ठेचा
भराभर उत्तरं येताहेत, आभार. बाबांना विचारलं, ते म्हणतात लेणी पुढच्या वेळी, घरं आत्ता. म्हणजे एलिफंटा बाद, बंदरातली फेरी पक्की. आता सांगा: पहाटे सहा-साडेसहाला उतरून सामान कुठे ठेवू? हॉटेलात प्रवेश बाराचा आहे.

तिसरा_डबा
सीएसएमटीला लांबच्या गाड्यांच्या बाजूला क्लोक रूम आहे. रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं आणि प्रत्येक बॅगेला कुलूप पाहिजे, नसेल तर घेत नाहीत. कापडी पिशव्या आणि तोंड बांधलेली पोती चालत नाहीत. छोटी कुलपं अकोल्यातूनच आणा. पावती जपा. मात्र हॉटेल फोर्ट-कुलाब्यात असेल तर आधी फोन करा, बहुतेक जण सामान खाली ठेवू देतात.

शिळाप्रेस
पहाटे सीएसएमटीला उतरताय ही खरं तर चांदीच आहे, आणि त्यात रविवार. फोर्टातली ऑफिसं बंद, रस्ते मोकळे, फूटपाथवर धक्के नाहीत. आठ ते साडेदहा हा या भागातला सगळ्यात चांगला वेळ.
सुरुवात स्टेशनापासूनच. वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स, बांधकाम १८७८ ते १८८८, जागतिक वारसा यादीत २००४ पासून. लोक समोरून फोटो काढून निघून जातात. आधी लोकलच्या तिकीट खिडक्यांचा हॉल बघा, त्याला स्टार चेंबर म्हणतात. छत बघा: निळ्यावर सोनेरी तारे. खांब रंगीत दगडांचे. कोणी अडवत नाही, तिथे रोज लाखो माणसं मान खाली घालून तिकीट काढतात.
मग बाहेर या आणि मुलांना काम द्या: भिंतीवर प्राणी शोधायचे. मोर, माकडं, खारी, उंदीर, पन्हळींच्या तोंडाशी मगरी. यातलं बरंच कोरीव काम जे.जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ: एक ब्रिटनचा, एक भारताचा. पूर्ण इमारत एका नजरेत हवी तर रस्ता ओलांडून महापालिकेच्या कोपऱ्यावर उभे राहा. भुयारी मार्ग वापरा, वरून ओलांडू नका. महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची.

पाठारे_प्रभूंची_पोर
शिळाप्रेस, नेहमीप्रमाणे उत्तम. तिथून पुढे दादाभाई नौरोजी रोडने हुतात्मा चौक, मग काळाघोडा, मग गेटवे. एकूण अडीच किलोमीटरच्या आसपास, सगळं सपाट. आजींना सलग चालवू नका. सीएसएमटी ते हुतात्मा चौक टॅक्सी करा, किंवा भुयारी मेट्रोने (अॅक्वा लाइन) एकच स्टेशन आहे, लिफ्ट आहेत. हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटन (१८६९) आणि संयुक्त महाराष्ट्राचं स्मारक शेजारी-शेजारी. बाबांना ते आवडेल.
वाटेवर राजाबाई टॉवर आहे, ८५ मीटर, १८७८. वर चढायला देत नाहीत, तेव्हा मुलांना आश्वासन देऊ नका. ओव्हल मैदानाच्या बाजूने उभं राहिलं की एका हाताला उच्च न्यायालय, विद्यापीठ, टॉवर, दुसऱ्या हाताला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये या दोन्ही रांगा मिळून वारसा यादीत गेल्या.

वऱ्हाडी_ठेचा
आणि ते मोठं संग्रहालय? त्यात सगळा दिवस जातो म्हणतात.

पाठारे_प्रभूंची_पोर
छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं, सहाला बंद. उघडताना आत शिरा. सगळं बघायला जाऊ नका, दोन तास पुरे. शिल्पं तळमजल्यावर आहेत, आजी तिथे आरामात बघू शकतात, बसायला जागा आहे. मुलांसाठी प्राण्यांचं दालन आणि आवारातलं बालसंग्रहालय. आजोबांसाठी शस्त्रांचं दालन: अकबराची ढाल तिथे आहे. व्हीलचेअर मिळते, दारातच मागा. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत.

नकाशावाला
गेटवेबद्दल एक गंमत मुलांना सांगा. राजा पाचवा जॉर्ज २ डिसेंबर १९११ ला इथे उतरला, त्या आठवणीसाठी कमान बांधली. पण राजाने ती बघितलीच नाही! तो उतरला तेव्हा तिथे तात्पुरता मंडप होता. कमानीचा आराखडा मंजूर झाला १९१४ ला, आणि ती खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. दगड पिवळा बेसॉल्ट, जाळ्या ग्वाल्हेरच्या, उंची २६ मीटर. मग २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. स्वागताला उशिरा तयार झाली, निरोपाला वेळेवर हजर.
आणि एक दुरुस्ती, अजून कोणी चुकलेलं नाही पण चुकणार आहे म्हणून आधीच: मरीन ड्राइव्हवरून बंदर दिसत नाही. ते बॅक बे. बंदर पूर्वेला. म्हणून गेटवेवर सूर्योदय आणि चौपाटीवर सूर्यास्त.

खडूस_काकू
चूक व्हायच्या आधीच दुरुस्ती करणारा पहिला आयडी. दंडवत.

गावदेवीची_गल्ली
मणिभवनाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून सविस्तर.
लॅबर्नम रोड, गावदेवी. ग्रँट रोड स्टेशनला पश्चिमेला उतरून दहा-बारा मिनिटं, नाना चौकातून. टॅक्सीवाल्याला "गावदेवी, मणिभवन" सांगा. सकाळी साडेनऊला उघडतं, संध्याकाळी सहापर्यंत, तिकीट नाही, देणगीपेटी आहे. हे घर रेवाशंकर जगजीवन झवेरींचं. १९१७ ते १९३४ गांधीजी मुंबईत आले की इथे उतरायचे. १९१९ चा रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह इथूनच आखला गेला, आणि ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे इथल्याच गच्चीवरच्या तंबूतून त्यांना अटक झाली.
तळमजल्यावर ग्रंथालय आहे, गांधीजींची खोली दुसऱ्या मजल्यावर. मध्ये लाकडी जिना. आईंनी एकदाच, सावकाश, कठडा धरून चढावं आणि वर बराच वेळ थांबावं. वर-खाली दोनदा नको.
खोलीत जाता येत नाही, काचेतून बघायचं. खाली पांढरी गादी, लोड, बुटकं मेज, चरखे. बस, एवढंच. मुलाला "एवढंच?" म्हणू द्या, बाबांना तिथे वेळ लागेल.

अर्धा_कप
७ वर्षांच्या पोराला गादी आणि चरखा दाखवून काय मिळणार? मी तर म्हणतो मुलांना बाहेर आइस्क्रीम द्या आणि मोठ्यांनी बघून या.

गावदेवीची_गल्ली
उलट मुलांसाठीच सगळ्यात चांगली गोष्ट त्याच मजल्यावर आहे. गांधीजींच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडलेत, प्रत्येक काचेच्या चौकटीत एक. पोरबंदरपासून शेवटपर्यंत. मुलाला क्रमाने न्या, प्रत्येकात गांधीजी कुठले ते त्याला शोधू द्या. मुलीला १९३९ चं हिटलरला लिहिलेलं पत्र दाखवा. बाराव्या वर्षी त्यावर प्रश्न पडतात.
तिथून ऑगस्ट क्रांती मैदान पायी सात-आठ मिनिटं. ८ ऑगस्ट १९४२ ची सभा तिथली. मैदानालगतच तेजपाल सभागृहाचं आवार, जिथे डिसेंबर १८८५ मध्ये काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. आता तिथे नाटकं होतात.

नकाशावाला
मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले तेव्हा मणिभवनात मुक्कामाला होते, हेही मुलीला सांगा. त्यांनी हॉटेल नको म्हटलं होतं.

निळी_पाटी
राजगृह: दादर पूर्व, हिंदू कॉलनी. बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात हे घर बांधलं, मुख्यतः पुस्तकांसाठी. संग्रह पन्नास हजारांच्या वर गेला होता. संग्रहालय तळमजल्यावर आहे, म्हणजे आईंना चढण नाही. वापरातल्या वस्तू, छायाचित्रं बघायला मिळतात. पुस्तकांची कपाटं भरलेली दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका, संग्रह पुढे कॉलेजांकडे गेला. वरच्या मजल्यावर कुटुंब राहतं, म्हणून आवारात मोठ्याने बोलणं, व्हिडिओ काढणं टाळा.
चैत्यभूमी पश्चिमेला, चौपाटीवर. दोन्ही एकत्र करायचं तर मध्ये टॅक्सी घ्या, दादरचा पूल आजींना पार करायला लावू नका. इतर कोणी हा धागा वाचून डिसेंबरात जाणार असाल तर: ६ डिसेंबरच्या आसपास दादर हे पर्यटनाचं ठिकाण नसतं. लाखो लोक अभिवादनाला येतात, त्यासाठीच जायचं असेल तर जा.

शिळाप्रेस
टिळकांची जागा म्हणजे सरदारगृह, क्रॉफर्ड मार्केटजवळ, लोकमान्य टिळक मार्गावर. मुंबईत ते तिथेच उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० ला तिथेच गेले. रस्त्यापलीकडून इमारत बघायची, पाच मिनिटांचं काम. अंत्यसंस्कार गिरगाव चौपाटीवर झाले, तिथे पुतळा आहे. बाबांना दोन्ही जोडून दाखवा. मार्केट आता महात्मा फुले मंडई, १८६९ चं. दारावरची कोरीव चित्रं जॉन लॉकवुड किपलिंग यांची.

दगडफूल
आणि मंडईसमोरच जे.जे. कलाशाळेच्या आवारात रुडयार्ड किपलिंगचं जन्मघर. हिरवा लाकडी बंगला.

शिळाप्रेस
थांबा. किपलिंग १८६५ चा. आत्ताचा बंगला १८८० च्या दशकातला. तो त्या *जागेवर* जन्मला, त्या *घरात* नाही. पाटी वाचून सगळे फसतात.

अर्धा_कप
म्हणजे राजाने गेटवे बघितला नाही आणि किपलिंगने स्वतःचं जन्मघर. मुंबईत बांधकामाला उशीर ही परंपरा जुनी आहे तर.

जुना_जकातनाका
:) हा प्रतिसाद महापालिकेच्या त्या इमारतीत फ्रेम करून लावा.

पाठारे_प्रभूंची_पोर
नेत्यांचीच घरं का? साधी राहती जुनी घरंही बघा. गिरगावातली खोताची वाडी: लाकडी सज्जे, बाहेरून जाणारे जिने, रंगीत भिंती. आता जुने बंगले पंचवीसेक उरलेत, बाकी टॉवर झाले. ती राहती घरं आहेत, संग्रहालय नव्हे. ओट्यावर चढून फोटो, दारातून डोकावणं, मुलांना गेटला लोंबकळू देणं: नको. दुपारी दोन ते चार तर अजिबात नको. गल्ली दहा मिनिटांत संपते, रेंगाळत वीस. भुयारी मेट्रोचं गिरगाव स्टेशन जवळ आहे.
त्याच भागात खाडिलकर रोडवर केशवजी नाईक चाळ. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती, १८९३. चाळीचं चौक-सज्जा बघून मुलांना कळतं की एवढी माणसं एकत्र कशी राहायची.

खडूस_काकू
जेवण गिरगावातच करा. ठाकुरद्वारला विनय हेल्थ होमची मिसळ. वऱ्हाडी माणसाला तिखट लागणार नाही, तक्रार करू नका.

तिसरा_डबा
वाहतुकीबद्दल, कारण बाहेरगावचे इथेच अडकतात.
वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला शहरात ऑटो चालत नाहीत, फक्त टॅक्सी. काळी-पिवळी टॅक्सी चारच जण घेते. तुम्ही सहा, म्हणजे दोन टॅक्सी किंवा सहा आसनांची गाडी मागवा. दोन केल्या तर दोन्हीत एक-एक मोठा माणूस फोनसकट. मीटरनेच चला, सुरुवात ३१ रुपयांपासून. गेटवेसमोर उभे असलेले "दर्शन" वाले ठरावीक रक्कम सांगतात आणि दुकानांत फिरवतात, त्यांना हात जोडा.
रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. शनिवारी वेळापत्रक बघा. दादरचं काम सोमवारी ठेवाल, पण साडेअकरानंतर. सकाळी गर्दीच्या वेळी आजी-आजोबांना घेऊन लोकलमध्ये चढू नका, कितीही जवळ असलं तरी.

वऱ्हाडी_ठेचा
सगळ्यांचं वाचून असं ठरवलं, तपासा:
रविवार: सीएसएमटी, क्लोक रूम, नाश्ता, स्टार चेंबर आणि प्राणी, सरदारगृह बाहेरून, हुतात्मा चौक, संग्रहालय दोन तास, जेवण, हॉटेलात झोप, साडेचारला गेटवे आणि बोटीची फेरी.
सोमवार: साडेनऊ मणिभवन, ऑगस्ट क्रांती, खोताची वाडी, जेवण, राजगृह, चैत्यभूमी, मग परत बाणगंगा (वाळकेश्वरचं तळं), चौपाटी, आणि रात्री गाडी.

जुना_जकातनाका
रविवार झकास. फक्त बोटीची फेरी सूर्यास्ताच्या आधी संपेल अशी घ्या. शेवटच्या फेऱ्यांना रविवारी रांग मोठी, म्हणून साडेचार म्हणजे साडेचारच.
सोमवार फाटतोय. दादरहून परत वाळकेश्वर म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत उलटा प्रवास. बाणगंगा काढा.

गावदेवीची_गल्ली
किंवा राजगृह आधी. हॉटेल सोडून सामान सीएसएमटीला टाका, साडेअकराला दादर, राजगृह आणि चैत्यभूमी, दीडच्या सुमारास दादरलाच जेवण. मग टॅक्सीने गावदेवी, तीनला मणिभवन, साडेचारला मैदान, पाचला चौपाटीवर टिळकांचा पुतळा. सगळं एका दिशेने खाली उतरत जातं, आणि शेवटी गाडीचं स्टेशन जवळ. खोताची वाडी उजेड असेल तर वाटेवरच आहे.
बाणगंगेला तळ्यापर्यंत उतरायच्या पायऱ्या आहेतच, आजींसाठी तीही बचत.

वऱ्हाडी_ठेचा
हे पटलं. बाबा म्हणतात बाणगंगा आणि एलिफंटा मिळून पुढची खेप. वाखुसा (वाचनखूण साठवली).

निळी_पाटी
सोमवारी सामान टाकताना क्लोक रूमच्या रांगेला अर्धा तास धरा. आणि रात्री सोडवताना पावती बाबांच्या खिशात नको, तुमच्याकडे.

अर्धा_कप
आणि पेंग्विन?

खडूस_काकू
पुढच्या खेपेला. बुधवार सोडून.